लिलिएसी कुल : वर्गीकरण, नाव आणि एक आक्षेप

तामिळनाडूचे राज्यफूल सेंगांदळ म्हणजे आपली कळलावी, ग्लोरिओसा सुपर्बा. तिचे कुल कोणते? गॅम्बलने सुरू केलेल्या आणि फिशरने पुऱ्या केलेल्या मद्रास इलाख्याच्या 'फ्लोरा'त पाहाल तर लिलिएसी. नव्या पुस्तकात पाहाल तर कोल्चिकेसी. मी चेन्नईत अभियांत्रिकी शिकवतो, वनस्पतिशास्त्र नव्हे. पण हा घोळ वर्गीकरणाचाच आहे, म्हणून बोलतो.

जुने लिलिएसी बेंथॅम आणि हूकर यांच्या पद्धतीचे (1862–83). सहा परिदले, सहा पुंकेसर, तीन कप्प्यांचा ऊर्ध्वस्थ अंडाशय, एवढे जुळले की झाडाला आत प्रवेश. त्यामुळे कांदा, शतावरी, कोरफड, सफेद मुसळी आणि कळलावी एकाच घरात नांदत होती. प्रोग्राममध्ये कोणत्याच अटीत न बसलेले सगळे शेवटी 'एल्स'मध्ये जाते ना, तसेच हे कुल होते, असे माझे मत. फूल हातात धरून ओळखायला ही पद्धत सोयीची, हे मान्य. आपल्याकडच्या अनेक हर्बेरियमांत नमुने आजही त्याच क्रमाने ठेवलेले असतात.

आक्षेप पुढचा आहे. कुल कळले की झाडाच्या गुणांचा अंदाज बांधता यावा. कळलावीच्या कंदात कोल्चिसिन असते. ते पेशीविभाजन थांबवते. कंद रताळे समजून खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. हेच द्रव्य युरोपातल्या कोल्चिकममध्येही आहे. ही दोन झाडे जवळची नातलग आहेत हे कोल्चिकेसी या नावातच दिसते. जुन्या कुलात मात्र कळलावी कांद्याच्या शेजारी बसते आणि विषाची काहीच खूण उरत नाही. 1998 पासून एपीजी गटाने डीएनएच्या आधारे मांडणी केली. तिच्यानुसार कांदा अ‍ॅमॅरिलिडेसीत आहे, शतावरी आणि मुसळी अ‍ॅस्परॅगेसीत, कोरफड अ‍ॅस्फोडेलेसीत.

मग लिलिएसी रद्द झाले का? नाही. कुलाचे नाव त्याच्या नमुना-प्रजातीला, लिलियमला, बांधलेले असते. लिलियम जाईल तिकडे नाव जाते. निलगिरीच्या डोंगरांत वाइटने नाव दिलेली लिली आहे, ती खरी लिलिएसीतली. बागेतल्या स्पायडर लिली, रेन लिली तिच्यातल्या नव्हेत, आणि वॉटर लिली तर एकदल वनस्पतीसुद्धा नाही.

मराठीत आपण अडकतो ते इथेच. लिलिएसीला मराठी विश्वकोशात 'पलांडु कुल' म्हटले आहे. पलांडु म्हणजे कांदा. त्या काळी कांदा त्याच कुलात होता, तेव्हा नाव देणाऱ्यांना दोष नाही. पण आज पलांडु कुलात पलांडूच नाही! प्रतिशब्द ओळखीच्या झाडावरून केला, नमुना-प्रजातीवरून केला नाही, म्हणून ही वेळ आली. तुम्ही सरळ 'लिलिएसी' लिहा. आणि परीक्षेत कळलावीचे कुल विचारले, तर कुलाच्या नावापुढे पद्धतीचेही नाव लिहा : बेंथॅम-हूकर की एपीजी.