दख्खनच्या दंग्यांचा अहवाल आणि सावकारी खतें

पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत १८७५ सालीं सावकारांविरुद्ध जे दंगे झाले, त्यांच्या चौकशीचा अहवाल १८७८ सालीं पार्लमेंटापुढें आला. शेतकऱ्याच्या कर्जाविषयीं लिहिणारा प्रत्येक लेखक त्याचा आधार घेतो. तथापि आधाराचा कागद झाला म्हणून त्याची परीक्षा टळत नाहीं.

१२ मे १८७५ रोजीं सुपें येथें जमलेल्या लोकांनीं वहीखातीं व खतें मागितलीं. खतें मुकाट्यानें दिलीं तेथें पुढें सहसा कांहीं झालें नाहीं, हें अहवालांतच नमूद आहे. कुणब्याचा सारा रोख त्या कागदावर होता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या खतावर तीन वर्षांच्या आंत दावा लावणें भाग पडे. मुदत भरत आली कीं सावकार थकलेलें व्याज मुद्दलांत मिळवून नवें खत करी, व निरक्षर कूळ त्यावर निशाणी करी. अशीं दोनतीन खतें फिरलीं म्हणजे मूळ रोकड किती, हें शेवटच्या खतावरून कळूं शकत नाहीं. व्याज मुद्दलापेक्षां अधिक घेऊं नये हा दामदुपटीचा दंडक मनूच्या आठव्या अध्यायांत आहे खरा. पण थकलेलें व्याज धरून खत बदलण्याची मुभाही त्याच अध्यायांत आहे. आमच्या सावकारांस पहिल्यापेक्षां दुसऱ्याची आठवण अधिक राहिली!

सरकारी साऱ्याचा बोजा हें दंग्याचें कारण नव्हे, असा निर्णय कमिशननें दिला. आमचा आक्षेप येथें आहे. १८६५ नंतर कापसाचा भाव उतरला व सावकारानें हात आखडला. १८६७ पासून फेरआकारणीनें सारा चढला. अशा वेळीं कुणबी पैसे कोणत्या दिवशीं उचलीत होता, हें पाहिल्यावांचून निर्णय करितां येत नाहीं. तो दिवस रोजकीर्दींत सांपडेल. उचल साऱ्याच्या हप्त्याला लागून असेल तर अहवालाचें मत ढळेल. पेरणीच्या किंवा लग्नसराईच्या दिवसांत असेल तर तें टिकेल. १८७९ च्या कायद्यानें न्यायाधीशासही खताच्या मागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्यास सांगितलें होतें. इतिहासलेखकानें खताशींच कां थांबावें?

आमचे संग्राहक मित्र सरदारांच्या दफ्तरांसाठीं कोसचे कोस जातात, आणि सावकाराच्या माळ्यावरच्या रोजकीर्दी रद्दीच्या भावानें जातात. १८६५ ते १८७५ या दहा वर्षांची एखादी वही हातीं आल्यास, ती मोडींत नसून महाजनींत असली तरी, बाजूस टाकूं नये व तिचीं पानें सुटीं करूं नयेत. मित्यांचा क्रम मोडला कीं ती आमच्या कामाची राहत नाहीं.