शीव की वेस? : पेशावरच्या नगरवारशासंबंधी एक विचार

अहमद हसन दानी यांचा ‘पेशावर : हिस्टॉरिक सिटी ऑफ द फ्रंटिअर’ हा ग्रंथ १९६९ साली पेशावर येथे प्रसिद्ध झाला, १९९५ साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली. दानी (१९२०–२००९) हे बनारस हिंदू विद्यापीठातून एम्. ए. झालेले प्राच्यविद्यापंडित असून पेशावर विद्यापीठातील पुरातत्त्वविभागाची स्थापना १९६२ साली त्यांनीच केली. या नगराची प्राचीन काळापासूनची कथा एका सूत्रात ओवण्याचे त्यांचे कार्य मोलाचे आहे, याविषयी दुमत होणार नाही. ग्रंथातील तपशिलाची छाननी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नव्हे. परीक्षा करावयाची आहे ती शीर्षकातील ‘फ्रंटिअर’ या एका शब्दाची. हा शब्द एकट्या दानींचा नाही. पेशावरविषयी लिहिणाऱ्या बहुतेकांनी तो गृहीत धरलेला आहे. आपणही ‘सरहद्द गांधी’ म्हणतो, आणि १७५८ च्या मोहिमेपासून ‘अटकेपार’ म्हणताना अटकेला आपल्या जगाची कड मानतो.

मराठीत कडेच्या जागेला दोन शब्द आहेत. एक ‘शीव’. संस्कृत ‘सीमा’ पासून स्वरमध्यस्थ ‘म’ चा ‘व’ होऊन तो सिद्ध झाला. शीव म्हणजे जेथे आपले संपते ती रेषा. दुसरा शब्द ‘वेस’. वेसही गावाच्या कडेलाच असते. परंतु तिचे प्रयोजन ये-जा हे आहे. शिवेवर भांडण होते, वेशीत वर्दळ असते. पेशावर ही शीव की वेस, हा आमचा प्रश्न आहे. तो केवळ शब्दांचा नाही. नगराचा कोणता वारसा राखावयाचा आणि कोणता सोडावयाचा, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून राहते.

प्रथम नगराच्या नावाकडे पाहू. ‘पेशावर’ म्हणजे ‘पुढचे, आघाडीचे ठाणे’ ही व्युत्पत्ती लोकप्रिय असून ते नाव अकबराने दिले असे सांगितले जाते. फारसी ‘पेश’ या शब्दाच्या आधाराने ती रचलेली आहे. पण नाव त्याहून पुष्कळ जुने आहे. मूळ संस्कृत रूप ‘पुरुषपुर’. ‘पुरुष’ शब्दाचा संकोच होऊन पालीत ‘पोस’ होतो. गांधारी प्राकृताने श, ष, स हे तिन्ही ऊष्मवर्ण टिकविले असल्याने तिच्यात ‘पोष’ हे रूप अपेक्षित आहे. आणि कनिष्काच्या नावाच्या आरा येथील खरोष्ठी शिलालेखात ‘पोषपुरिअ’ असा शब्द येतो. तो या नगरावरून साधलेला असावा, असे मानणारा एक पक्ष आहे. दुसऱ्या परंपरेत ‘र’ टिकला. अकराव्या शतकातील अल्बेरूनी ‘परशावर’ असे रूप देतो. ‘पुर’ चे ‘वर’ होणे मराठी वाचकास नवे वाटू नये. ‘दीप’ चा ‘दिवा’ आणि ‘कपाट’ चे ‘कवाड’ त्याच मार्गाने झाले. पुढे ‘र’ लोपला, आणि अर्थ हरवलेल्या शब्दात लोकांनी ‘पेश’ ऐकला. तात्पर्य, नावातील ‘सरहद्द’ ही मागाहून ऐकलेली आहे, मुळात असलेली नव्हे.

येथे एक आक्षेप संभवतो. इराणात नक्श-इ-रुस्तम येथे सासानी सम्राट पहिला शापूर याचा तिसऱ्या शतकातील लेख आहे. आपले राज्य कुशाणदेशात ‘पश्कबूर’ पर्यंत पसरले आहे असे तो म्हणतो, आणि हे नाव सामान्यतः पेशावरचे मानले जाते. मग हे नगर प्राचीन काळीही सीमेवरचेच नव्हते काय? होते, परंतु कोणाच्या सीमेवरचे, हे पाहिले पाहिजे. इराणच्या राजाला ते पूर्वेची कड वाटले. लाहोर-दिल्लीच्या राज्यकर्त्यांना पश्चिमेची. कनिष्काच्या दृष्टीने मात्र ते राजधानीचे शहर होते. त्याच्या स्तूपातून निघालेल्या करंडकावर ‘कनिष्कपुर’ या नगराचा उल्लेख वाचला जातो. सातव्या शतकात श्युएन त्सांग याने नगर उतरणीस लागलेले पाहिले. राजघराणे नष्ट होऊन कपिशाचा अंमल आलेला होता. तरीही त्याने ते गांधाराची राजधानी म्हणूनच नोंदविले. सीमा बदलत गेल्या. नगर जागचे हलले नाही. ‘सरहद्द’ हे विशेषण पाहणाऱ्याच्या जागेचे वर्णन करते, पाहिलेल्या वस्तूचे नव्हे.

नगराने स्वतःविषयी काय म्हटले, हे त्याच्या दरवाजांच्या नावांवरून कळते. शीख अमदानीत अविताबिले या नेपल्सच्या सुभेदाराने (१८३८–४२) तटबंदी उभारली. परंपरेने दरवाजे सोळा मोजतात. काबुली, लाहोरी, कोहाटी, हश्तनगरी, बजौरी ही त्यांतील काही नावे. दरवाजाला वाट जिकडे जाते तिकडचे नाव. या नामावळीत काबूल आणि लाहोर एकाच पंक्तीत बसतात. एक परके आणि दुसरे आपले असा भेद तीत नाही. ही वेशीची भाषा आहे.

शिवेची भाषा आली ती राज्यकारभारातून. १८४९ साली इंग्रजी अंमल आला आणि जुन्या शहराच्या पश्चिमेस छावणी वसली. १८९३ ची ड्युरँड रेषा, १९०१ चा ‘वायव्य सरहद्द प्रांत’ आणि त्याच वर्षीचा टोळीप्रदेशासाठीचा वेगळा कायदा, यांनी ‘सरहद्द’ हे सरकारी विशेषनाम झाले. गंमत अशी की, आधुनिक पेशावर वाढले ते या रेषेपासून मागे सरकून नव्हे, तिच्याच दिशेने. १९१३ चे इस्लामिया कॉलेज, १९५० चे विद्यापीठ आणि १९७० नंतर आखलेली हयाताबादची वसाहत ही सर्व खैबरकडे जाणाऱ्या पश्चिमवाटेवर आहेत. १९७९ नंतर अफगाण निर्वासितांचा लोंढा आला. १९९८ च्या शिरगणतीत शहराची वस्ती ९ लाख ८३ हजारांच्या आसपास होती. २०१७ मध्ये ती सुमारे १९ लाख ७० हजार झाली. २०२० साली सुरू झालेली स्वतंत्र मार्गाची बससेवाही पूर्वेच्या चमकनीपासून पश्चिमेच्या कारखानो बाजारापर्यंत, म्हणजे जुन्या वाटेच्याच रोखाने धावते. तिच्या ‘झू पेशावर’ या नावातील ‘झू’ हा ‘चला’ अशा अर्थाचा पश्तू शब्द आहे. २०१० साली प्रांताचे नाव खैबर पख्तूनख्वा झाले, २०१८ साली टोळीप्रदेश प्रांतात विलीन झाला. तोरखमची सीमा बंद झाली की बाजार अडतो, ही अडचण खरीच. पण अडते ती वेस म्हणूनच. शिवेला वर्दळ थांबण्याचे दुःख नसते.

आता वारशाच्या रक्षणाकडे वळू. घंटाघरापासून गोर खत्रीपर्यंतचा सुमारे अर्ध्या किलोमीटरचा रस्ता २०१८ साली ‘वारसा मार्ग’ म्हणून सजविण्यात आला. मध्य आशियाशी व्यापार करणाऱ्या सेठी घराण्याच्या हवेल्या त्याच बाजूस आहेत. गोर खत्रीच्या उत्खननात इंग्रजी काळापासून इसवी सनापूर्वीच्या काळापर्यंतचे थर लागले. हे काम स्तुत्य आहे. परंतु गंज दरवाजाबाहेरील शाहजी की ढेरी येथे १९०८-०९ मध्ये स्पूनर यांनी कनिष्काचा स्तूप शोधून काढला, ती जागा वाढत्या वस्तीखाली दडली. चिनी यात्रेकरूंना ज्याच्या उंचीचे आश्चर्य वाटले, त्याचा आज मागमूस नाही. सरहद्दीचा वारसा म्हटला की किल्ला आणि खिंड आठवते. राजधानीचा वारसा आठवत नाही.

याहूनही नाजूक वारसा भाषेचा आहे. जुन्या शहराची बोली हिंदको. ग्रिअर्सन यांनी ती ‘लहंदा’ वर्गात घातली. पश्तू आणि पंजाबी यांच्यामध्ये वावरणारी ही नगरबोली म्हणजे वेशीतील वर्दळीचाच ध्वनिरूप पुरावा होय. किस्साख्वानी बाजाराजवळचे दिलीपकुमार यांचे जन्मघर २०१४ साली संरक्षित ठरले. त्यांचे वडील फळांचे व्यापारी. पेशावर आणि नाशिकजवळील देवळाली ही दोन्ही ठिकाणे त्या कुटुंबाच्या व्यवहारात होती. घराच्या भिंतींना कायद्याचे छत्र मिळाले. त्या भिंतींआड बोलली जाणारी हिंदको मात्र वाढत्या शहरात दिवसेंदिवस आक्रसत आहे. भिंत रेषेने राखता येते, बोली राखावयास वावर लागतो.

सारांश, दानींच्या ग्रंथातील नगर मोठे आहे आणि त्याच्या शीर्षकातील विशेषण तोकडे. पेशावरला ‘सरहद्दीचे शहर’ म्हणणे चुकीचे नाही, अपुरे आहे. त्या शब्दाने किल्ल्यांचा हिशोब लागतो, बाजारांचा, बोलींचा आणि मोहल्ल्यांचा लागत नाही. रक्षणाच्या योजना आखणाऱ्यांनी आपल्या टिपणांत प्रथम हा शब्द दुरुस्त करावा. यादीत कोणत्या वास्तू येतात आणि कोणत्या गळतात, ते त्यानंतर आपोआप बदलू लागेल.