‘शिरूरकर’ या नावाचा अर्थ

विभावरी शिरूरकर या नावाचा विचार मराठी टीकेने आजवर बहुधा एका कोड्याच्या स्वरूपात केला आहे. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले, त्यावर वादळ उठले, लेखिका कोण याविषयी तर्कवितर्क झाले, आणि पुढे ती बाळूताई खरे, म्हणजेच लग्नानंतरच्या मालतीबाई बेडेकर, असल्याचे उघड झाले. कोडे सुटले, तेव्हा नावाचेही काम संपले, अशी एक समजूत या हकिकतीतून नकळत रूढ झाली आहे. वाङ्मयेतिहासाच्या पुस्तकांत कंसात टाकावयाची एक बाब, एवढेच मग या नावाचे स्थान उरते. आम्हांस ही समजूत अपुरी वाटते. लेखिका कोण हे कळल्यानंतरही तिने त्याच नावाने लिहिणे चालू ठेवले, यावरूनच त्या नावात लपण्यापलीकडचे काही असले पाहिजे हे उघड आहे. ते काय असावे, आणि लेखिकेचा आपल्या जन्मगावाशी असलेला गुंतागुंतीचा संबंध त्यातून कसा उमगतो, याचा शोध या लेखात घेण्याचा विचार आहे.

प्रथम ‘कर’ या प्रत्ययाचाच विचार करू. मराठी माणसाला हा प्रत्यय इतका परिचित आहे की त्यातील खुबी त्याच्या ध्यानात येत नाही. शिरुरात राहणाऱ्यास शिरुरात कोणी शिरूरकर म्हणत नाही. तेथे सगळेच शिरूरचे. मनुष्य गाव सोडून दुसरीकडे जातो, आणि त्या दुसऱ्या गावातील लोक त्याला त्याच्या मूळ गावावरून ओळखू लागतात, तेव्हा हे आडनाव जन्मास येते. म्हणजे ‘कर’ हा प्रत्यय एकाच वेळी दोन गोष्टी सांगतो: हा मनुष्य अमक्या गावचा आहे, आणि तो आता त्या गावात नाही. आदिलाबादसारख्या सरहद्दीवरील जिल्ह्यात राहणाऱ्या वाचकांना हे विस्ताराने सांगावयास नको. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवटचा बहुतेक भाग या जिल्ह्यातून नांदेडकडे गेला. राजुरा तालुकाही महाराष्ट्रात जाऊन पुढे चंद्रपूर जिल्ह्यात सामील झाला. मात्र राजूरकर हे आडनाव कोणत्याही सरकारी हुकमाने सरहद्दीपलीकडे गेले नाही. ते ज्या घरात होते त्याच घरात राहिले. गाव एका राज्यात आणि गावाचे नाव लावणारा दुसऱ्या राज्यात, हा अनुभव येथे नित्याचा आहे. म्हणूनच एका लेखिकेने आपल्या इच्छेने असे आडनाव घेतले, याचा अर्थ येथील वाचकास इतरांपेक्षा लवकर कळेल असे आम्ही समजतो.

मालतीबाईंचा जन्म १९०५ साली पुणे जिल्ह्यातील घोडनदी येथे झाला. या गावाला दोन नावे आहेत. नदीवरून पडलेले घोडनदी हे एक, आणि तालुक्याचे म्हणून कागदोपत्री चालणारे शिरूर हे दुसरे. पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दोन जिल्ह्यांच्या सीमेवर ते वसले आहे. इंग्रजी अमदानीच्या आरंभी तेथे लष्करी छावणी होती, पुढे अमेरिकन मिशनचे ठाणे झाले, आणि आसपासच्या खेड्यांची बाजारपेठ म्हणून ते वाढले. असे गाव खेड्याइतके बंद नसते आणि शहराइतके मोकळेही नसते. नव्या कल्पना तेथे रस्त्याने येतात. परंतु त्यांप्रमाणे वागणाऱ्या माणसास सगळे गाव ओळखत असल्याने त्याला आडोसा असा मिळत नाही. मालतीबाईंचे वडील अनंतराव खरे हे शिक्षक होते आणि सुधारक विचारांचे होते. मुलींना शिकवावयाचे हा त्यांचा निश्चय होता. आई इंदिराबाई कर्तबगार होत्या. दुधाचा व्यवसाय त्यांनी वर्षानुवर्षे स्वतः सांभाळला. मुलीच्या शिक्षणाचा निश्चय वडिलांचा आणि घरातील व्यवहाराचे बळ आईचे, अशा घरात ही लेखिका वाढली.

परंतु मुलीला शिकवावयाचे म्हणजे तिला गावाबाहेर पाठवावयाचे, हे त्या काळी ओघानेच आले. बाळूताई लहान वयातच पुण्यास, महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत गेल्या. कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले होते. त्याच शिक्षणक्रमातून त्या पदवीधर झाल्या आणि कन्याशाळेत अध्यापन करू लागल्या. ज्या गावाने एका शिक्षकाच्या रूपाने त्यांना शिक्षणाची ओढ लावली, त्याच गावात त्या शिक्षणाला जागा नव्हती. गावाशी असलेल्या त्यांच्या संबंधातील पहिली गाठ येथे पडली आहे. पुढील सर्व लेखन या गाठीभोवती फिरते, असे आमचे मत आहे.

‘कळ्यांचे निःश्वास’मधील मुली शिकलेल्या आहेत, काही मिळवत्याही आहेत; परंतु घर त्यांच्या शिक्षणाचा स्वीकार करते आणि त्यांच्या इच्छांचा मात्र करीत नाही. मुलीच्या मिळकतीवर बापाचा संसार चालावा आणि तिच्या स्वतःच्या संसाराचा प्रश्न पुढे पुढे ढकलला जावा, ही स्थिती लेखिकेने ज्या निर्भीडपणे मांडली तिला मराठीत पूर्वोदाहरण फारसे नव्हते. अशा पुस्तकावर बाळूताई खरे हे नाव घालणे अशक्य होते, असे सामान्यतः सांगतात, आणि ते खरेच आहे. त्या नावाने त्यांनी अलंकारशास्त्रावर ग्रंथ लिहिला होता. त्या नावाच्या मागे एक अध्यापिका, एक संस्था आणि एक कुटुंब उभे होते. कन्येचे निःश्वास खरे या आडनावाखाली छापले गेले असते, तर वाचकांनी कथांतील प्रत्येक बाप म्हणजे घोडनदीचे मास्तर असा अर्थ लावला असता. म्हणून वडिलांचे नाव बाजूस ठेवणे भागच होते. प्रश्न उरतो तो पुढचा. आडनाव टाकल्यावर त्याच्या जागी काहीही घेता आले असते. एखादे काव्यमय नाव पुरले असते. ‘विभावरी’, म्हणजे रात्र, या पहिल्या नावात तसा काव्यमय पडदा आहेच. परंतु दुसऱ्या शब्दात लेखिकेने पडद्याला एक फट ठेवली. तिने गावाचे नाव घेतले; तेही रोजच्या बोलण्यातील घोडनदी हे नव्हे, तर कागदोपत्रीचे शिरूर. ओळख दिली आणि किंचित झाकलीही.

यावर कोणी म्हणेल की टोपणनाव हे शेवटी टोपणनाव. सोयीने सुचले, घेतले. त्यात एवढा अर्थ पाहणे म्हणजे टीकाकाराने आपल्या पदरचे घालणे होय. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. नाव घेताना लेखिकेच्या मनात नेमके काय होते, हे सांगण्याचा आमचा दावाही नाही. आमचे म्हणणे एवढेच की, नाव कसेही सुचलेले असो, पुढील वीस वर्षांच्या लेखनाने त्यात अर्थ भरला. मराठी स्त्रीच्या नावांचा हिशेब पाहावा. खरे हे वडिलांकडून आले. १९३८ साली विश्राम बेडेकरांशी विवाह झाल्यावर बेडेकर हे पतीकडून आले; आणि त्यातील ‘कर’ दुसऱ्याच घराण्याच्या गावाची आठवण सांगतो. शिरूरकर हे एकच आडनाव असे, की जे तिला कोणी दिले नाही आणि लग्नाने जे बदलले नाही. ज्या समाजात स्त्रीचे माहेर लग्नानंतर कागदावरून पुसले जाते, त्या समाजात एका स्त्रीने आपले माहेरगाव स्वतःच्या लेखनावर कायमचे कोरून ठेवले, ही गोष्ट लहान नाही.

‘हिंदोळ्यावर’ (१९३४) आणि ‘विरलेले स्वप्न’ (१९३५) या कादंबऱ्यांत स्त्रीपुरुषसंबंधाचा प्रश्न पुढे गेला. त्यानंतर लेखिकेच्या आयुष्याला वळण मिळाले. सोलापूर येथील तथाकथित गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत त्यांनी अधिकारी म्हणून काही वर्षे काम केले. १८७१ च्या कायद्याने या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. त्यांच्या वसाहतींना तारेचे कुंपण होते आणि हजेरी होती. या अनुभवातून ‘बळी’ (१९५०) ही कादंबरी निर्माण झाली. वरवर पाहता तिचा घोडनदीशी काही संबंध नाही. तथापि गाव या संस्थेचा विचार करणाऱ्याने ही कादंबरी वगळता कामा नये. ज्यांना गावाने कधी आपल्यात घेतलेच नाही, ज्यांच्या नावापुढे कोणत्याही गावाचा ‘कर’ लागणे शक्य नव्हते, अशा माणसांची ही कथा आहे. गाव सोडावे लागलेल्या स्त्रीला, गावच नसलेल्या माणसांचे दुःख दिसले. गावाकडे पाहण्याची तिची दृष्टी यानंतर केवळ तक्रारीची राहणे शक्य नव्हते.

आणि खरोखर तसेच झाले. ‘बळी’नंतर तीनच वर्षांनी, १९५३ साली, ‘खरेमास्तर’ प्रसिद्ध झाली. वडिलांच्या जीवनावर आधारलेली ही चरित्रात्मक कादंबरी आहे. लहान गावात राहून गावापेक्षा वेगळा विचार करणारा शिक्षक, मुलींना शिकविण्याचा त्याचा ध्यास, आणि त्या ध्यासाची त्याला द्यावी लागणारी किंमत, हा तिचा विषय आहे. मुलींना पंख देणाऱ्या बापास त्या उडून गेल्यावर जे एकटेपण येते, ते या कादंबरीत आहे, आणि ते भाबड्या भक्तीने रंगविलेले नाही. ‘कळ्यांचे निःश्वास’मधील बापाकडे कन्या आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाकडे पाहावे तशी पाहते; येथे तीच कन्या साक्षीदाराच्या जागी येते. आता दोन मुखपृष्ठे शेजारी ठेवावीत. १९३३ साली वडिलांचे नाव लपवून गावाचे नाव पुढे केले होते. १९५३ साली गावाचे नाव लेखिकेच्या जागी तसेच ठेवून वडिलांचे नाव ग्रंथाच्या मथळ्यावर आणले. जे आडनाव एकदा झाकावे लागले, तेच वीस वर्षांनी शीर्षक झाले. या दोन घटनांमधील अंतर हाच विभावरी शिरूरकर यांच्या वाङ्मयीन जीवनाचा खरा आलेख होय, असे आम्ही मानतो.

या आलेखात एक उणीव आहे, तीही नमूद केली पाहिजे. कादंबरी मास्तरांच्या नावाने आहे, मातोश्रींच्या नावाने नाही. ध्येयवादाला मथळा मिळाला. ज्या दुधाच्या धंद्याने घराला आधार दिला त्याला मिळाला नाही. स्त्रीच्या दुःखाची इतकी सूक्ष्म जाण असलेल्या लेखिकेनेही ऋण फेडताना पहिला मान पित्याला द्यावा, यात तिचा दोष म्हणण्यापेक्षा त्या पिढीच्या सुधारणावादाची मर्यादा दिसते. शिक्षण पुरुषाने द्यावयाचे आणि स्त्रीने घ्यावयाचे, हा त्या सुधारणेचा साचा होता; मोडू पाहणाऱ्यांवरही त्याची छाया राहिली.

१९८१ साली मुंबईत भरलेल्या समांतर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मालतीबाईंनी स्वीकारले, आणि २००१ साली त्यांचे निधन झाले. रूढ व्यासपीठाच्या बाहेर उभे राहून बोलणे त्यांना अखेरपर्यंत परके वाटले नाही. जी मुलगी आपल्या गावाची असूनही गावाबाहेर राहिली, तिला आत आणि बाहेर यांच्या मधील ही जागा पहिल्यापासूनच ओळखीची होती.

शेवटी अध्यापकांसाठी दोन शब्द. वर्गात या लेखिकेचा परिचय दोनपैकी एका रीतीने होतो: धीट लेखिका म्हणून, किंवा सुधारकाची कन्या म्हणून. पहिल्या रीतीत गावाचे ऋण सुटते. दुसरीत गावाशी झालेले भांडण सुटते. ‘कळ्यांचे निःश्वास’ आणि ‘खरेमास्तर’ ही पुस्तके एकमेकांशेजारी ठेवून शिकविली, तरच दोन्ही गोष्टी विद्यार्थ्यांच्या हाती लागतील. आदिलाबादच्या मराठी शाळांतून शिकलेली मुलगी आजही पुढील शिक्षणासाठी नांदेडला, नागपूरला वा हैदराबादला जाते. तिला गावाबाहेर पाठविणारा शिक्षक गावातच राहतो. एक दिवस ती लिहू लागेल, तेव्हा प्रथम गावाविरुद्धच लिहील, अशी शक्यता अधिक. त्या लिखाणाने शिक्षकाने दुखावून जाऊ नये. गावावर रागावलेल्या लेखणीनेही गावाचे नाव टाकले नव्हते, आणि त्या लेखणीला मास्तरांकडे परत येण्यास वीस वर्षे लागली होती, एवढे त्याने ध्यानात ठेवावे.