जॉइस यांचा बोलीग्रंथ आणि ग्लेनोशीनचा परिसर

पॅट्रिक वेस्टन जॉइस (१८२७–१९१४) यांचा ‘इंग्लिश ॲज वुई स्पीक इट इन आयर्लंड’ हा ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध झाला. त्याची गणना सामान्यतः बोलीविषयक ग्रंथांत होते. वस्तुतः लिमरिक काउंटीतील बॅलिहूरा डोंगरांच्या कुशीत वसलेल्या ग्लेनोशीन या गावाच्या स्मृतींचाही तो संग्रह आहे. ग्रंथकर्त्याचे बालपण तेथे गेले. आणि ग्रंथाचे सामर्थ्य व वैगुण्य या दोहोंचा उगम तेथेच आहे.

त्या भागातून आयरिश भाषा मागे सरत होती. तिच्या रचना मात्र इंग्रजीच्या आश्रयाने टिकल्या. ‘आय ॲम आफ्टर फिनिशिंग माय वर्क’ याचा अर्थ ‘काम नुकतेच आटोपले’ असा आहे. परक्या इंग्रजाचा त्याने गोंधळच उडावा. आयरिशमधील ‘नंतर’ या अर्थाच्या अव्ययाची ही छाया जॉइस अचूक दाखवितात.

लोकाचारांविषयीचे लेखन याहून सरस उतरले आहे. ‘चॉक संडे’ हा शब्दच पाहावा. मन्स्टर प्रांतात लग्ने उपवासकाळापूर्वी उरकण्याची चाल होती. तोवर अविवाहित राहिलेल्या तरुणांच्या कोटावर पुढच्या रविवारी, मंडळी प्रार्थनेसाठी जमत असता, मुले खडूची जाड रेघ ओढीत. आणि सावज हसत हसत पळ काढी! जॉइस यांनी हा प्रकार लिमरिकमध्ये स्वतः पाहिला होता. येथे शब्द, चाल व साक्षीदार एकत्र भेटतात. कोणत्याही कोशाला हे साधणारे नव्हे.

परंतु ग्रंथनाम सबंध आयर्लंडवर हक्क सांगते. वर्तमानपत्रांतील आवाहनास आलेल्या पत्रांतून दूरदूरचे शब्द मिळाले. ते लिमरिकच्या शब्दांसह एकाच वर्णानुक्रमात बसविले गेले. स्थळाचा निर्देश पुष्कळदा येतो. बोलणारा आणि प्रसंग अनेक नोंदींतून निसटतात. शिवाय आयरिश प्रभाव, जुनी इंग्रजी-स्कॉटिश परंपरा व स्वतंत्र वाढ असे तीन उगम मान्य करूनही लेखकाचा ओढा पहिल्याकडेच राहतो. ‘आय डू बी’ या रचनेचे मूळ ते आयरिश रीतिवर्तमानात शोधतात. इंग्लंडच्या नैर्ऋत्य बोलींतील ‘डू’चा वाटा पुढील अभ्यासकांनी विचारात घेतला.

त्यांच्याच १८७३ च्या ‘एन्शंट आयरिश म्युझिक’मध्ये शंभर चाली आहेत. त्यांपैकी कित्येक चाली कोठे आणि कोणाच्या तोंडून ऐकल्या, हे तेथील टिपांत नोंदविलेले आहे.