तक्त्यातली झडप आणि इंजिनातली झडप

काही वर्षांपूर्वी अकरावीच्या परीक्षेत मी एक प्रश्न घातला होता : ‘फोर-स्ट्रोक इंजिनात मिश्रण आत घेणारी झडप केव्हा बंद होते?’ एका विद्यार्थ्याने उत्तर लिहिले, ‘पिस्टन खाली जाऊन परत वर येऊ लागल्यावर.’ मी ते चूक ठरवले आणि गुण कापला. प्रयोगशाळेच्या भिंतीवर जो तक्ता टांगलेला होता त्यात पिस्टन खालच्या टोकाला पोचताच ही झडप बंद होते, आणि माझे आदर्श उत्तरही तेच होते. त्या मुलाच्या वडिलांचे गॅरेज होते. त्याने तक्ता पाहून नव्हे, इंजिन पाहून लिहिले होते. उत्तर त्याचे बरोबर होते. चूक माझी होती.

तो तक्ता बहुतेक शाळांत या ना त्या रूपात असतो. त्याचे परीक्षण करण्यासाठी हा लेख आहे. परीक्षणाला मोजपट्टी हवी म्हणून शेजारी एक वेगळेच काम ठेवू : अमेरिकेत हौशी लोक आपल्या मोटारीचे इंजिन अधिक जोमदार करताना कॅमशाफ्टची वेळ कशी मोजतात ते.

तक्ता काय सांगतो, काय लपवतो

तक्त्यात चार चित्रे असतात. पिस्टन खाली जातो आणि मिश्रण आत येते. वर येतो आणि ते दाबले जाते. ठिणगी पडून पिस्टन खाली ढकलला जातो. पुन्हा वर येतो आणि जळालेला वायू बाहेर जातो. निकोलाउस ऑटो याने १८७६ साली चालवून दाखवलेल्या इंजिनाचा हा क्रम आहे. क्रँकशाफ्टचे दोन फेरे म्हणजे एक आवर्तन, आणि तेवढ्या वेळात कॅमशाफ्टचा एकच फेरा, ही गोष्ट तक्ता उत्तम समजावतो. हे त्याचे श्रेय मान्य केले पाहिजे.

पण झडपा नेमक्या टोकांवर उघडतात व मिटतात, आणि दोन्ही झडपा कधीच एकाच वेळी उघड्या नसतात, असेही तक्ता सांगतो. धावत्या इंजिनात या दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर एका फेऱ्याला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. एक अंश फिरायला सुमारे २८ मायक्रोसेकंद. एवढ्या अवधीत झडप झटक्यात उघडता येत नाही. ती हळूहळू उचलावी लागते. हवेलाही वस्तुमान आहे. वेगाने आत शिरणारी हवा पिस्टन वळला म्हणून लगेच थांबत नाही. झडप थोडी उशिरा मिटली तर ती आणखी आत येत राहते. म्हणून झडप टोकाच्या आधी उघडायची आणि दुसऱ्या टोकानंतर मिटायची.

सुलभीकरण हा गुन्हा नव्हे. घर्षणरहित उतार आपण रोज फळ्यावर काढतो. पण तेथे आपण ‘घर्षण नाही असे माना’ असे म्हणतो. तक्त्यात ते ‘असे माना’ कोठेच नाही, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे. सुलभ केलेले चित्र आहे हे न सांगता चित्र दिले, की ते उत्तरपत्रिका तपासण्याचे माप बनते.

ठिपक्यासमोर ठिपका

तक्त्याचा एक भाऊ गॅरेजातही आहे. शेव्हरलेचे ‘स्मॉल-ब्लॉक’ व्ही-८ इंजिन १९५५ साली आले आणि त्याचे ३५० घन इंचांचे, म्हणजे ५.७ लिटरचे रूप १९६७ साली. अमेरिकेतल्या हौशी कारागिरांचे हे लाडके इंजिन. त्यात कारखान्याचा कॅमशाफ्ट काढून झडपा अधिक काळ व अधिक उंच उघडणारा बसवणे ही नेहमीची सुधारणा आहे. क्रँकशाफ्टवर एक दातेरी चाक, कॅमशाफ्टवर दुप्पट दात्यांचे दुसरे, आणि दोहोंवरून साखळी. दोन्ही चाकांवर एकेक ठिपका असतो. ठिपक्यासमोर ठिपका आणून साखळी चढवली की काम झाले, असे सांगितले जाते.

कारखान्यातल्या जुळलेल्या सुट्या भागांसाठी हे पुरते. पण कॅमशाफ्ट एकाचा, चाके दुसऱ्याची आणि क्रँकशाफ्ट जुना, असा संसार असेल तर चावीची खाच, चाकावरची भोके, कॅमची घसाई यांतल्या लहान चुका एकत्र येतात. ठिपके जुळलेले असतात आणि झडपा मात्र चार अंश उशिरा चालतात. जाणता कारागीर म्हणून ठिपक्यांवर थांबत नाही. तो मोजतो.

टोक पाहून सापडत नाही

मोजण्याचे साहित्य साधे आहे. क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाला ३६० अंशांची तबकडी, तिच्यावर रोखलेला तारेचा काटा, आणि एक डायल गेज. पहिले काम म्हणजे पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वरच्या टोकाला असताना काटा शून्यावर आणणे. हे सोपे वाटते, पण खरी मेख येथेच आहे.

या इंजिनात क्रँकची त्रिज्या ४४.२ मि.मी. आणि कनेक्टिंग रॉडची लांबी सुमारे १४५ मि.मी. असते. त्यावरून हिशेब केला तर टोकापासून एक अंश फिरल्यावर पिस्टन केवळ ०.००९ मि.मी. खाली येतो. दोन अंशांवर ०.०३५ मि.मी. बेअरिंगमध्ये तेलासाठी ठेवलेली फटच ०.०५ मि.मी.च्या आसपास असते. म्हणजे टोकाच्या दोन्ही बाजूंना दोन-अडीच अंश पिस्टन जणू स्थिरच आहे. डोळ्यांनी वा गेजने ‘सर्वांत उंच जागा’ शोधणारा माणूस चार अंशांची चूक शोधण्यासाठी तेवढीच चूक पदरात घेऊन निघतो.

उपाय असा : सिलिंडरमध्ये पिस्टनच्या वाटेत एक अडसर बसवायचा, म्हणजे पिस्टन टोकाच्या काहीसा खालीच अडेल. क्रँक हलक्या हाताने एका दिशेने फिरवून पिस्टन अडसराला टेकवायचा आणि आकडा वाचायचा. मग उलट फिरवून दुसऱ्या बाजूने टेकवायचा आणि वाचायचा. समजा एकीकडे २८ आले, दुसरीकडे ३६. खरे टोक दोहोंच्या बरोबर मध्ये आहे. म्हणून काटा असा सरकवायचा की दोन्हीकडे ३२ यावेत. टोकापासून तीस अंशांवर एका अंशाला पिस्टन सुमारे अर्धा मि.मी. सरकतो, म्हणजे टोकाजवळच्या पहिल्या अंशाच्या पन्नासपटीहून अधिक. जेथे बदल ठळक आहे तेथे दोनदा मोजायचे आणि जेथे बदल दिसत नाही ती जागा त्यावरून काढायची.

ही युक्ती आपल्याला परकी नाही. दिशा ठरवण्यासाठी शंकूभोवती वर्तुळ काढून सकाळी व दुपारी सावलीचे टोक त्या वर्तुळाला कोठे टेकते ते खुणावायचे, ही कृती कात्यायन शुल्बसूत्रात आहे. मध्यान्हीला सावली इतकी मंद बदलते की ‘सर्वांत लहान सावली’ नेमकी कधी ते पाहून सांगता येत नाही. दोन बाजूंच्या समान सावल्या मात्र स्पष्ट दिसतात. शंकू आणि अडसर यांमागचे गणित एकच आहे : शिखराजवळ वक्र सपाट असतो.

उघडणे म्हणजे किती उघडणे?

आता डायल गेज पहिल्या सिलिंडरच्या, मिश्रण आत घेणाऱ्या झडपेच्या लिफ्टरवर ठेवायचे. लिफ्टर म्हणजे कॅमच्या उंचवट्यावर टेकलेला व झडपेला उचलणारा भाग. हायड्रॉलिक लिफ्टर दाबाखाली आतून बसतो, म्हणून मोजमापापुरता त्याच्या जागी भरीव लिफ्टर घालतात. झडप ‘उघडली’ केव्हा म्हणायचे? उंचवट्याची सुरुवात मुद्दाम अतिशय मंद चढाची केलेली असते, नाहीतर झडप आदळेल. पुन्हा तीच अडचण : जेथे हालचाल सुरू होते तेथेच ती सर्वांत अस्पष्ट असते.

म्हणून या व्यवसायाने एक संकेत ठरवला. लिफ्टर ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मि.मी. उचलला गेला की झडप उघडली आणि परत त्याच उंचीवर आला की मिटली असे धरायचे. ०.००६ इंचापासून मोजले तर त्याच कॅमचा उघडा काळ सर्वसाधारणपणे पन्नासेक अंशांनी जास्त येतो. दोन्ही आकडे खरे आहेत. कोणत्या उचलीवर मोजला हे न सांगता दिलेला आकडा मात्र निरर्थक आहे. जाहिरातीतला ‘दोनशे ऐंशी अंशांचा कॅम’ वाचताना हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. कॅमबरोबरच्या कार्डावर लिहिले आहे : ०.०५० इंचावर झडप वरच्या टोकाआधी ६ अंश उघडते आणि खालच्या टोकानंतर ४० अंशांवर मिटते. उघडा काळ ६ + १८० + ४० = २२६ अंश. त्याचा निम्मा ११३. त्यातून ६ वजा केले की मध्य वरच्या टोकानंतर १०७ अंशांवर येतो. आपल्या तबकडीवर मात्र २ आणि ४४ आले. काळ २ + १८० + ४४, म्हणजे पुन्हा २२६. पण मध्य १११ वर.

येथे दोन संख्यांनी दोन वेगळे निकाल दिले. काळ जुळला, म्हणून कॅम घासणाऱ्याचे काम बरोबर आहे. मध्य जुळला नाही, म्हणून तो बसवण्यात चार अंशांचा उशीर झाला आहे. वेगळ्या खाचेत चाक बसवून कॅमशाफ्ट दोन अंश पुढे घेतला, की क्रँकचे चार अंश भरून निघतात.

हे चार अंश सोडून दिले तर? झडप उशिरा मिटेल. शर्यतीच्या वेगात ते कदाचित मानवेल. पण रस्त्यावरच्या गाडीचे इंजिन बहुतेक वेळ मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्यांवर चालते. तेथे हवेचा जोर कमी असल्याने आत आलेले मिश्रण पिस्टनच परत बाहेर ढकलतो आणि चढावर गाडी मरगळते. शिवाय टोकाजवळ दोन्ही झडपा थोड्या उघड्या असतात व पिस्टन त्यांच्या अगदी जवळ येतो. कॅम मागे पडला तर धूर बाहेर सोडणारी झडप पिस्टनच्या अधिक जवळ जाते. पुढे गेला तर मिश्रण आत घेणारी. पिस्टनवर प्लॅस्टिसिनचा गोळा ठेवून, इंजिन हाताने फिरवून त्याची उरलेली जाडी मोजतात. साधारणपणे पहिलीला अडीच आणि दुसरीला दोन मि.मी. अंतर ठेवण्याचा प्रघात आहे. ते न पाहता इंजिन सुरू केले तर वाकलेली झडपच उत्तर देते.

मोजमापालाही तपासायला हवे

गॅरेजातली ही रीत निर्दोष आहे असे मात्र नव्हे. वीस सें.मी. व्यासाच्या तबकडीवर एक अंश म्हणजे पावणेदोन मि.मी.; काट्याकडे तिरके पाहिले तर अर्धा अंश सहज जातो. वाचन करताना इंजिन त्याच्या चालण्याच्या दिशेनेच फिरवले पाहिजे, नाहीतर साखळीतली ढिलाई आकड्यात शिरते. अडसराच्या वेळी उलट फिरवलेले चालते, कारण तबकडी व पिस्टन यांच्यामध्ये साखळी नाही. आणि मध्य काढण्यामागे दोन्ही बाजू सारख्या आहेत हे गृहीत आहे. पुष्कळ कॅम झडप वेगाने उघडतात व सावकाश मिटवतात. त्यांत दोन वाचनांचा मध्य आणि सर्वाधिक उचलीची जागा एक नसते. कार्डावर त्यांतले कोणते दिले आहे ते पाहावे लागते. शंकूच्या कृतीतही हेच आहे. सकाळपासून दुपारपर्यंत सूर्याची क्रांती किंचित बदलते, म्हणून दोन खुणांची रेषा अगदी नेमकी पूर्व-पश्चिम नसते. भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणीत (इ.स. ११५०) त्यासाठी दुरुस्ती दिली आहे. गृहीत उघडपणे मांडले होते म्हणूनच ते दुरुस्त करता आले.

वर्गात काय करावे

इंजिन उघडण्याची गरज नाही. स्टँडवर उभी केलेली सायकल पुरे. पेडलच्या दांड्याच्या आसाला पुठ्ठ्याची अंशांची तबकडी चिकटवा व फ्रेमला तारेचा काटा बांधा. दहा विद्यार्थ्यांना एकेक करून पेडल ‘सर्वांत वर’ आणायला सांगा आणि आकडे लिहून घ्या. १७ सें.मी.च्या दांड्याचे टोक पाच अंशांत जेमतेम ०.६५ मि.मी. खाली येते, तेव्हा आकडे विखुरलेले येणारच. मग पेडलच्या वाटेत, वरच्या टोकापेक्षा दोन-अडीच सें.मी. खाली, काठी आडवी घट्ट धरा. दोन्ही बाजूंनी पेडल तिला टेकवून मध्य काढायला लावा. तेथे एका अंशाला सुमारे दीड मि.मी. मिळतो. दोन्ही वेळचे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी मांडा. चुकीचा पसारा आक्रसलेला मुलांना स्वतःच दिसेल.

आमच्या प्रयोगशाळेतला तक्ता मी काढून टाकलेला नाही. त्याखाली ‘झडपा टोकांवरच उघडतात व मिटतात असे मानले आहे’ ही ओळ लिहून चिकटवली आहे, आणि शेजारी वर दिलेल्या उदाहरणाचे अंशांचे वर्तुळ टांगले आहे. परीक्षेतला प्रश्नही बदलला आहे. आता मी विचारतो, ‘झडप केव्हा बंद होते, आणि ते तुम्ही कसे ठरवाल?’ त्या मुलाचा निकाल तेव्हाच लागून गेला होता. त्याचा गुण परत देता आला नाही.