हेशेलचा शब्बाथ आणि आपला वेळ

आपल्या साहित्यचर्चेत भाकरी येते, अपमान येतो, जमीन येते, राखीव जागा येतात. विश्रांती मात्र क्वचितच येते. विश्रांती ही पोट भरलेल्यांची चैन आहे असे आपल्यातल्या अनेकांना वाटत असावे. म्हणूनच रब्बी अब्राहम जोशुआ हेशेल यांचे 'द सॅबथ' हे १९५१ साली प्रसिद्ध झालेले छोटेसे पुस्तक आपल्या कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी वाचावे, आणि वाचताना त्याच्याशी भांडावे, असे मला वाटते.

हेशेल यांचा जन्म १९०७ साली वॉर्सा येथे एका हसिदी गुरुघराण्यात झाला. बर्लिनच्या विद्यापीठात त्यांनी हिब्रू संदेष्ट्यांवर प्रबंध लिहिला. १९३८ साली नाझी राजवटीने त्यांना जर्मनीतून हुसकावून पोलंडमध्ये लोटले. १९३९ साली युद्ध सुरू होण्याच्या थोडे आधी ते वॉर्सातून निसटले आणि १९४० साली अमेरिकेत पोहोचले. त्यांची आई आणि तीन बहिणी नाझींच्या हिंसाचाराला बळी पडल्या. ज्या यंत्रसंस्कृतीचा युरोपला अभिमान होता, तिच्याच रेल्वेगाड्या आणि विषारी वायू माणसे मारण्याच्या कामी आले. हा इतिहास डोळ्यांआड करून हेशेल यांचे तंत्रज्ञानाविषयीचे चिंतन वाचता येणार नाही.

पुस्तकाचा युक्तिवाद साधा आहे. यंत्रसंस्कृती म्हणजे माणसाने स्थळावर मिळवलेला विजय. त्या विजयाच्या नादात माणूस वस्तूंचा गुलाम होतो आणि काळाला विसरतो. ज्यू धर्म काळाला पवित्र करतो. शब्बाथ हा त्याने काळात उभारलेला प्रासाद आहे. आठवड्यातून एक दिवस माणसाने वस्तू, पैसा आणि यंत्र यांच्याशिवाय राहून दाखवावे. हेशेल यंत्र मोडायला सांगत नाहीत. सहा दिवसांच्या श्रमालाही ते मान देतात. यंत्र वापरूनही त्यापासून स्वतंत्र राहता येते का, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

या मांडणीतील एक मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. अलेक्झांड्रियाच्या फायलो या प्राचीन ज्यू तत्त्वज्ञाने शब्बाथचे समर्थन करताना सांगितले होते की, विश्रांतीमुळे माणूस ताजातवाना होऊन पुन्हा जोमाने कामाला लागतो. हेशेल हे समर्थन नाकारतात. विश्रांती कामासाठी नाही, तिला स्वतःची किंमत आहे, असे ते म्हणतात. आपल्याकडे मालक सुटी देतो ती फायलोच्या हिशेबाने देतो. बैलालाही पोळ्याला विश्रांती मिळते. दुसऱ्या दिवशी मानेवर जू असतेच. जी विश्रांती फक्त उद्याच्या कामाची तयारी असते, ती माणसाला बैलाच्या पंक्तीत बसवते.

आता भांडणाचा मुद्दा. हा प्रासाद बांधला कोणी, आणि त्यात शिरायची परवानगी कोणाला?

शब्बाथची आज्ञा ज्यू धर्मग्रंथात दोनदा येते. 'निर्गम' या पुस्तकात तिचे कारण सृष्टीची निर्मिती हे आहे: ईश्वराने सहा दिवस काम केले आणि सातव्या दिवशी विश्रांती घेतली. 'अनुवाद' या पुस्तकात कारण बदलते: तू स्वतः मिसरात गुलाम होतास हे आठव, आणि तुझा दास व दासी यांनाही तुझ्यासारखा विसावा मिळू दे. आपल्या दृष्टीने दुसरे कारण पहिल्याहून महत्त्वाचे आहे. गुलामीची आठवण जिथे कायदा बनते तिथे धर्माला सामाजिक आशय येतो. हेशेल यांच्या पुस्तकाचा भर मात्र पहिल्या कारणावर आहे. काळाच्या पावित्र्याचे वर्णन करताना त्यांची भाषा बहरते. दासाच्या विसाव्यापाशी ती फारशी थांबत नाही. गुरुघराण्यात जन्मलेल्या लेखकाला काळ जन्मतःच मिळालेला असतो. माझ्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. मला तो मिळालेला वाटत नाही, मिळवलेला वाटतो.

येसकराची काठी हाती आलेल्या महाराचा वेळ त्याचा नव्हता. सांगावा पोहोचवणे, मेलेले ढोर ओढणे, अंमलदारापुढे धावणे, यांना दिवस-रात्रीची मर्यादा नव्हती. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनासंबंधी बिल मांडले, त्यामागे या हिरावलेल्या वेळेचाही प्रश्न होता. त्याआधी, १८९० साली, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे मुंबईच्या गिरणीमालकांना रविवारची सुटी मान्य करावी लागली. आपला शब्बाथ सिनाय पर्वतावरून उतरला नाही. तो गिरणीच्या दारात सभा घेऊन मिळवावा लागला.

यंत्राच्या बाबतीत तर बाबासाहेब हेशेल यांना थेट उत्तर देतात असे वाटते. गांधीवादाची चिकित्सा करताना १९४५ च्या ग्रंथात त्यांनी यंत्राची बाजू घेतली. पशू आणि माणूस यांत फरक संस्कृतीचा. संस्कृतीला फुरसत लागते. आणि सर्वांना फुरसत द्यायची तर यंत्राशिवाय मार्ग नाही, असा त्यांचा विचार होता. १९४६ साली कारखान्यांतील कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले, तेव्हाच्या सरकारात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. २०१३ साली कायदा होऊनही माणसे गटारात उतरतात आणि गुदमरून मरतात. तिथे यंत्राचा अतिरेक झालेला नाही, यंत्र पोहोचलेलेच नाही. हेशेल यांची यंत्रचिकित्सा जशीच्या तशी आपण उचलली तर ती गटारात उतरणाऱ्याच्या विरुद्ध वापरली जाईल.

आणि तरीही ती टाकून देता येत नाही. आज हुकूम मोबाइलवर येतो. कंत्राटी कामगाराला, घरपोच सामान नेणाऱ्या पोराला कोणत्याही वेळी बोलावणे येते. येसकराची काठी गेली, पण तिची रीत यंत्रात शिरली. बाबासाहेबांनी यंत्राकडून फुरसत मागितली होती. मालकाच्या हातातले यंत्र फुरसतच खाते. इथे हेशेल यांचा प्रश्न आपला होतो.

आपल्या मराठी भूमीतही शब्बाथ पाळला गेला आहे. कोकणातील बेने इस्रायल पिढ्यान्पिढ्या तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. जातीच्या समाजाने त्यांच्या पवित्र दिवसाचीही जात केली. त्यांच्यातही गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद होता. पुढे इस्रायलमध्ये गेल्यावर विवाहाच्या वेळी त्यांच्याच वंशशुद्धीविषयी धर्मपीठाने शंका घेतली, आणि १९६४ साली आंदोलन करून त्यांना आपला हक्क मिळवावा लागला. काळ कितीही पवित्र केला तरी भेद आपोआप जात नाही.

हेशेल स्वतः पुस्तकापाशी थांबले नाहीत, हे त्यांचे मोठेपण. १९६३ साली शिकागोच्या परिषदेत त्यांनी वर्णद्वेषाचा प्रश्न फेरो आणि मोशे यांच्या संघर्षाशी जोडला. २१ मार्च १९६५ रोजी सेल्मा येथून निघालेल्या मोर्चात ते मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासोबत पहिल्या रांगेत चालले. आपले पाय प्रार्थना करीत होते, असे त्यांना वाटले. व्हिएतनाम युद्धालाही त्यांनी विरोध केला. पण स्थळापेक्षा काळ मोठा म्हणणारा हा विचारवंत १९६७ च्या युद्धानंतर, १९६९ साली, इस्रायलच्या भूमीविषयी पुस्तक लिहितो. त्यात शांततेची आस आहे, परंतु घर गमावलेल्या पॅलेस्टिनी माणसाला सेल्मातल्या निग्रो माणसाइतकी जागा नाही. आपल्या दुःखातून दुसऱ्याच्या दुःखाकडे जाणारी वाट सीमेपाशी अडते, हे दलित वाचकानेही लक्षात ठेवावे. आपल्यातही अशा सीमा आहेत. आपल्या स्त्रियांना रविवार असतो का, हे एकदा घरी विचारून पाहावे.

हेशेल १९७२ साली गेले. त्यांच्याकडून आपण काळाचा मान घ्यावा, बाबासाहेबांकडून तो मिळवण्याचे साधन घ्यावे. सफाई कामगाराला यंत्र हवे, कंत्राटी कामगाराला पगारी साप्ताहिक सुटी हवी, आणि त्या सुटीच्या दिवशी काय केले याचा जाब विचारण्याचा अधिकार कोणालाही नको. वाचावे, झोपावे, गावे, नुसते बसावे. ज्याचा वेळ त्याचा स्वतःचा आहे, तोच माणूस स्वतंत्र आहे.