साझ-इसो : दक्षिण अल्बानियाचे गान आणि अस्मितेचा प्रश्न

लोकगीतांतून राष्ट्राची अस्मिता प्रकट होते, हे विधान इतके सर्वमान्य झाले आहे की ते तपासून पाहण्याची आवश्यकता सहसा कोणास वाटत नाही. ‘साझ-इसो’ या अल्बानियन मंडळाची २०१७ साली प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रिका मात्र ते तपासण्यास भाग पाडते.

मंडळाचे नाव दोन शब्दांच्या संयोगाने बनले आहे. ‘साझे’ हा दक्षिण अल्बानियातील वादकांचा मेळ. क्लॅरिनेट, व्हायोलिन, लौता हे तंतुवाद्य आणि डफ ही त्यातील वाद्ये. आपल्या ‘साज’ व ‘साजिंदा’ या शब्दांचे जे फारसी मूळ, तेच या शब्दाचेही. तुर्की अमलाच्या काळात तो तेथे रुजला. ‘इसो’ म्हणजे आधारस्वर. ही संज्ञा बायझंटाइन चर्चसंगीताशी संबद्ध असून मूळची ग्रीक आहे. ज्या मंडळाकडे अल्बानियन अस्मितेचे प्रतिनिधी म्हणून पाहिले जाते, त्याच्या नावातील एकही घटक मूळचा अल्बानियन नसावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. क्लॅरिनेट आणि व्हायोलिन हीही बाहेरूनच आलेली वाद्ये होत. तेव्हा अस्मितेचा शोध सामग्रीच्या शुद्धतेत घेणे व्यर्थ ठरते.

तो रचनेत घ्यावयास हवा. श्कुंबिन नदीच्या उत्तरेस गायक लाहुता या एकतारी वाद्याच्या साथीने एकट्याने वीरगाथा गातो. दक्षिणेस मात्र गाणे अनेकांचे असते. एक जण ते उचलतो, दुसरा त्यास उत्तर देतो, लाब लोकांमध्ये तिसराही त्यात आपला स्वर टाकतो आणि उरलेले सर्व इसो धरतात. आपल्या तंबोऱ्याचे काम तेथे माणसांचे कंठ करतात. एकाचा श्वास संपण्यापूर्वी दुसऱ्याचा स्वर पुढे आलेला असतो. शोक एकाचा असला तरी त्याचा भार समूह वाहतो. ‘काबा’ नामक वाद्यरचनेतही हेच दिसते. स्त्रियांच्या विलापगीतांशी नाते सांगणारी क्लॅरिनेटची मुक्त आलापी इतर वाद्यांच्या स्थिर स्वरावर विसावते.

१९६८ पासून ग्यिरोकास्तरच्या किल्ल्यात राष्ट्रीय लोककला महोत्सव भरू लागला. साम्यवादी राजवटीने या गायनास प्रतिष्ठा दिली, हे नाकारता येणार नाही. परंतु त्याच बंधात पक्षाची व नेत्याची स्तुतीही गावून घेतली. राजवट १९९१ च्या सुमारास लयास गेली, तशी ती स्तुतीही गेली. बंध मात्र टिकला. २००५ साली युनेस्कोने गौरविला तोही हा बंधच होय.

साझ-इसोने या बंधाला त्याचा जुना विषय परत दिला आहे. ध्वनिमुद्रिकेच्या शीर्षकातच निरोपाचा रुमाल आहे. उपजीविकेसाठी परदेशी जाण्यास तेथे ‘कुर्बेत’ म्हणतात. साम्यवादी राजवटीने सीमा बंद ठेवल्या होत्या. १९९१ नंतरच्या प्रचंड स्थलांतराने त्या शब्दाला नवी धार आली.

एक आक्षेप मात्र नोंदविणे आवश्यक आहे. जो बॉइड या अमेरिकन निर्मात्याने तिरानात सिद्ध केलेली ही मुद्रिका प्राधान्याने परकीय श्रोत्यांसाठी आहे. लग्नाच्या पंगतीत काब्यामागून नृत्य येते, आणि रडविणारे वादकच लोकांना नाचवितात. पंगतीवाचून ऐकणाऱ्यास विलापच तेवढा सत्य वाटण्याचा संभव आहे. मुद्रिकेत नृत्यगीते आहेत. पण नाचणारे नाहीत.

तथापि या मंडळाने अभ्यासकांपुढे ठेवलेला प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. महोत्सवांतील गीतांचे केवळ शब्द कोणी संगृहीत केले असते, तर त्याच्या हाती प्रामुख्याने एका राजवटीची स्तुतिस्तोत्रे लागली असती. जे खरोखर परंपरेने चालत आले, ते गाण्याच्या रीतीत होते. आपल्याकडील लोकगीतसंग्रह बहुधा शब्दांचेच आहेत. ओवी कोण उचलते, कोण झेलते आणि उरलेल्या स्त्रिया त्या वेळी काय करतात, याची नोंद त्यांत क्वचितच आढळते. ती झाल्यावाचून अस्मितेविषयीची आपली विधाने अपुऱ्या पुराव्यावरच उभी राहतील.